उपचार आहेत, पण मुक्कामाचे काय?

मुंबई, प्रतिनिधी - परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरात पदपथावर प्लास्टिकचा कागद अंथरून बसलेली कुटुंबे मुंबईकरांना नवी नाहीत. हातात तपासण्यांची फाईल आणि शेजारी कपड्यांचे बोचके. बिहार, बंगालमधून ती येतात, तशीच विदर्भ-मराठवाड्यातूनही येतात. त्यांच्याविषयी हळहळ सर्वांनाच वाटते; मात्र त्यांचा निवारा हा उपचारांचाच भाग आहे, हे धोरणात अद्याप पुरेसे उतरलेले नाही.

कर्करोगाचे उपचार एका शस्त्रक्रियेने संपत नाहीत. किरणोपचार सहसा आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालतात. रोजचे काम काही मिनिटांचे असल्याने बहुतेकांना रुग्णालयात दाखल करून घेण्याची गरज नसते. मुलांमधील रक्ताच्या कर्करोगाचे उपचार तर दोन ते तीन वर्षे चालतात. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घटतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. अशा वेळी शुद्ध पाणी, ताजे अन्न आणि स्वच्छ खोली ही चैन नव्हे. रात्री ताप चढला, तर रुग्णालय तातडीने गाठता येईल एवढे अंतरही जवळचे हवे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने राज्यातील रुग्णांच्या उपचारखर्चाचा भार हलका केला आहे. रेल्वेही कर्करुग्णांना भाड्यात सवलत देते. मात्र मुंबईतील खोलीचे भाडे, दोन वेळचे जेवण आणि सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच पडतो. पैसे संपले की अनेक जण उपचार अर्धवट सोडून गावची वाट धरतात.

ही उणीव आजवर प्रामुख्याने सेवाभावी संस्थांनी भरून काढली. संत गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्याच नावाची दादरची धर्मशाळा रुग्णांचा आधार बनली. परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. सेंट ज्यूड संस्थेने २००६पासून कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी विनामूल्य निवासाची केंद्रे उभारली. तेथे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा, स्वयंपाकाची सोय, मुलांना शिक्षण आणि पालकांना समुपदेशन मिळते. केवळ छप्पर पुरेसे नसते, हे या संस्थेने दाखवून दिले.

सरकारी प्रयत्नांची वाट किती बिकट असते, हे २०२१ मध्ये दिसले. टाटा रुग्णालयातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी म्हाडाच्या १०० सदनिका देण्याचा निर्णय झाला. स्थानिक रहिवाशांच्या आक्षेपानंतर जूनमध्ये त्याला स्थगिती मिळाली आणि पाठोपाठ बॉम्बे डाईंगच्या जागेतील इमारतीचा पर्याय पुढे आला. हेतूबद्दल दुमत नव्हते. वाद होता तो जागेचा. मुंबईसारख्या शहरात नेमकी हीच खरी अडचण आहे.

२०१९ मध्ये वाराणसीत टाटा केंद्राच्या अखत्यारीतील कर्करोग रुग्णालये सुरू झाली. उपचार गावाजवळ नेण्याची ही दिशा योग्यच आहे. तरीही गुंतागुंतीच्या आजारांसाठी मोठ्या शहरात यावेच लागणार. म्हणूनच रुग्णालयाचा विस्तार मंजूर करताना खाटांबरोबर निवासाच्या खोल्यांचाही हिशेब मांडला गेला पाहिजे आणि शहराच्या विकास आराखड्यात त्यासाठी जागा राखली गेली पाहिजे. दात्यांची उदारता मोलाची आहेच. पण उपचार पूर्ण होणे तिच्यावर अवलंबून राहता कामा नये.