हाडांना अग्नी, कातडे काचेत

फराळाचे ताट पुढे असताना हा विषय काढणे बरे नव्हे, हे मला कळते. पण वर्षभर मनात खदखदते आहे ते दिवाळी अंकात नाही तर कुठे बोलायचे?

मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. सफोक परगण्यात बरी सेंट एडमंड्स नावाचे गाव आहे. तिथे ऐन बाजारचौकात एक दगडी घर उभे आहे, मॉयझेस हॉल. बांधले गेले ते ११८० च्या सुमारास, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी जवळजवळ शंभर वर्षे. गाव लाकूडमातीच्या घरांत राहत असताना दगडी घर बांधणारा असामी बडाच असणार. तो कोण, यावर पंडितांची अजून जुंपते. नावावरून कुणी ज्यू सावकार असावा असे पुष्कळांनी म्हटले, पण तसा पुरावा नाही. पुरावा आहे तो निराळ्या गोष्टीचा. ११९० साली याच गावात ५७ ज्यू मारले गेले, आणि उरलेल्यांना मठाधिपती सॅमसनने गावाबाहेर काढले.

तळमजल्यावर जाडजूड खांबांनी पेललेल्या कमानी, वर राहण्याचा दिवाणखाना. पुढे या घराचा तुरुंग झाला, गरिबांना ठेवून राबवण्याची जागा झाली, पोलीसचौकी झाली, रेल्वेची पार्सले घेण्याची कचेरीसुद्धा झाली! १८९९ मध्ये त्याचे संग्रहालय झाले. कुणी पूजा केली म्हणून नव्हे, तर दर पिढीत कुणाच्या तरी उपयोगी पडले म्हणून हे घर टिकले. मी कमानींखाली हेच मनात घोळवीत उभा होतो, तोच नातवाने हात ओढला. "आजोबा, चला ना, वर माणसाच्या कातड्याचे पुस्तक आहे!"

विल्यम कॉर्डर नावाच्या माणसाने १८२७ मध्ये पोल्स्टेड गावच्या एका कोठारात मारिया मार्टिन हिचा खून केला. १८२८ च्या ऑगस्टमध्ये त्याला बरीतच फाशी दिले. खुन्याचे प्रेत चिरफाडीला द्यायचे, असा तेव्हाचा कायदाच होता. पण कातडे कमावण्याची शिक्षा कुठल्याही न्यायाधीशाने दिली नव्हती. ती डॉक्टरची स्वतःची हौस! त्याने खटल्याच्या हकिकतीचे पुस्तक त्या कातड्यात बांधले. ते आज काचेच्या पेटीत आहे. २०२५ साली संग्रहालयाच्याच कपाटात तसले दुसरे सापडले, तेही शेजारी मांडले.

कॉर्डर सज्जन होता असे मी मुळीच म्हणत नाही. त्याची हाडे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे हाताळली, पण २००४ मध्ये त्यांना रीतसर अग्नी मिळाला. मग हाडांना जो न्याय, तो कातड्याला का नाही? अमेरिकेत हार्वर्डच्या ग्रंथालयाने अशाच एका पुस्तकाचे कातडे २०२४ मध्ये उतरवले. त्याने त्या ग्रंथालयाचे काय बिघडले?

यावर उत्तर ठरलेले असते. हा इतिहास आहे, आणि तो पाहायला लोक येतात. येतात, खरे आहे. त्यांच्या तिकिटांवर छप्पर शाबूत राहते, हेही मी मानतो. पण हे असे पाहण्याची चटक काय करते तेही ऐका. पोल्स्टेडला मारियाचे थडगे होते. येणाऱ्याजाणाऱ्यांनी आठवण म्हणून त्या दगडाचे टवके काढून नेले, आणि आज दगडच उरला नाही. मारणाऱ्याचे कातडे जपलेले आणि मेलेलीच्या नावाचा दगड खलास! याला इतिहास म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हा जत्रेतला तंबू झाला.

याच संग्रहालयात जुन्या घड्याळांचा सुरेख संग्रह आहे. आणि मुख्य म्हणजे घर आहे, साडेआठशे वर्षांचे. ती पेटी रिकामी करा, कातड्याला मूठभर माती द्या. त्या जागी पार्सले जोखण्याचा एखादा जुना तराजू ठेवला तरी चालेल. नातवाला घेऊन मी तिकीट काढून पुन्हा येईन.