शिध्याची यादी कोणाच्या हाती?

भुकेल्याला अन्न द्यावे आणि जखमीला औषध द्यावे, यावर कोणत्याही धर्मात वा राजकीय विचारसरणीत दुमत आढळणार नाही. त्यामुळे आपद्ग्रस्तांना साह्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांना नीतिशास्त्राची गरज ती काय, असा प्रश्न सामान्य माणसाला पडला तर ते स्वाभाविकच आहे. धान्य हवे, औषधे हवीत, ती वाहून नेणारी विमाने हवीत. तत्त्वचर्चा मागाहून सवडीने करता येईल. परंतु नोव्हेंबर १९९४ मध्ये 'मेदसाँ साँ फ्रोंतिये' या विख्यात वैद्यकीय संघटनेच्या फ्रेंच शाखेने, भोवती लाखो निर्वासित असताना, आपले काम थांबवून निघून जाण्याचा निर्णय घेतला. तिच्याजवळचा पैसा संपला होता असे नव्हे. आपण देत असलेल्या मदतीवर मारेकरी पोसले जात आहेत, अशी तिची खात्री झाली होती.

हे घडले ते तेव्हाच्या झाईरमधील, म्हणजे आजच्या काँगोमधील, गोमा या शहराच्या परिसरात. शेजारच्या रुआंडामध्ये त्या वर्षीच्या एप्रिलपासून सुमारे १०० दिवसांत तुत्सी जमातीच्या आणि त्यांची बाजू घेणाऱ्या हुतूंच्या मिळून सुमारे ८ लाख माणसांची कत्तल झाली. कत्तल घडवणारे सरकार युद्धात हरले, आणि जुलैच्या मध्यास अवघ्या चार-पाच दिवसांत ८ लाखांहून अधिक हुतू सरहद्द ओलांडून गोमाभोवती येऊन पडले. ज्वालामुखीच्या रसाची ती कठीण भूमी. तेथे शौचकूप खणता येईनात, की थडगी खणता येईनात. पटकी आणि हगवण यांनी पहिल्या महिन्याभरात सुमारे ५० हजार बळी घेतले. ही दृश्ये दूरचित्रवाणीवर घरोघर दिसली, आणि शंभराहून अधिक मदतसंस्था तेथे धावल्या. वंशसंहार चालू असताना जे जग हात बांधून बसले होते, त्याला आता दानाची संधी मिळाली.

पण या निर्वासितांबरोबर केवळ बायका-मुले आणि शेतकरी आले नव्हते. पराभूत सैन्य, कत्तलीत पुढाकार घेणाऱ्या इंतेराहाम्वे टोळ्या, प्रांताधिकारी, तालुक्याचे मुख्य, अशी जुनी सारी राज्ययंत्रणा जशीच्या तशी छावण्यांत येऊन बसली. इतक्या लोकांना शिधा वाटायचा म्हणजे याद्या हव्यात. याद्या कोणाजवळ असणार? गावच्या मुख्याजवळ. तेव्हा मदतसंस्थांनी त्यालाच विचारले. कुटुंबे किती, माणसे किती, हे त्याने सांगितले, आणि अर्थातच फुगवून सांगितले. वरकड धान्य त्याच्या हाती राहिले. ते विकून पैसा उभा राहिला. स्वदेशी परतण्याची भाषा करणाऱ्याला शिधा मिळेना. काहींना तर जीव गमवावा लागला. काही महिन्यांपूर्वी ज्या यंत्रणेने माणसे मारण्यासाठी याद्या वापरल्या होत्या, तिच्याच हाती आता माणसे जगवण्याच्या याद्या आल्या होत्या. छावण्यांतून रात्री निघणाऱ्या टोळ्या रुआंडात शिरून संहारातून वाचलेल्यांवर हल्ले करीत.

आता मदतकार्याची जी चार तत्त्वे सर्वमान्य समजली जातात, ती या कसोटीवर लावून पाहण्यासारखी आहेत. मानवता, निःपक्षपात, तटस्थता आणि स्वातंत्र्य ही ती चार तत्त्वे. त्यांचे मूळ सॉल्फेरिनोच्या रणभूमीवर आहे. २४ जून १८५९ रोजी झालेल्या त्या लढाईनंतर आंरी द्युनां हा जिनीव्हाचा गृहस्थ तेथे पोचला, तो सेवेच्या हेतूने नव्हे. अल्जीरियातील आपल्या धंद्याच्या सवलतींसाठी त्याला सम्राट तिसऱ्या नेपोलियनची गाठ घ्यायची होती. धंद्याच्या खटपटीतून जगातील सर्वांत मोठी सेवासंस्था जन्मावी, हा अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात न आढळणारा प्रकार आहे. पुढे तो धंद्यात साफ बुडाला आणि १९०१ च्या पहिल्या शांतता-पारितोषिकाचा मानकरी झाला. कास्तिल्योने गावातील स्त्रियांनी जखमी सैनिक कोणत्या पक्षाचा हे न पाहता त्याची शुश्रूषा केली, हे त्याने पाहिले होते. रेडक्रॉसने आपली मूलतत्त्वे १९६५ मध्ये व्हिएन्ना येथे औपचारिकरीत्या स्वीकारली; संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९९१ च्या ठरावात त्यांतील मानवता, निःपक्षपात आणि तटस्थता यांचा पुरस्कार केला, आणि रेडक्रॉस व इतर सेवासंस्थांनी मिळून आपली आचारसंहिता तयार केली ती १९९४ मध्येच, म्हणजे गोमाच्याच वर्षी.

चारही तत्त्वे एका श्वासात उच्चारली जातात. पण ती एकाच योग्यतेची नाहीत. मानवता हे साध्य आहे. निःपक्षपात म्हणजे गरजेच्या प्रमाणात आणि केवळ गरज पाहून वाटप. तो त्या साध्याचाच व्यावहारिक अर्थ होय. तटस्थता आणि स्वातंत्र्य ही मात्र साधने आहेत. दोन्ही बाजूंनी वाट द्यावी यासाठी कोणाचीही बाजू न घेण्याचे व्रत पाळावयाचे असते. साधनाला साध्याच्या जागी बसवले की काय होते, हे रेडक्रॉसच्याच इतिहासात नमूद आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये, युरोपातून ज्यूंची हद्दपारी चालू असल्याच्या वार्ता हाती असताना, आंतरराष्ट्रीय समितीने जाहीर निषेधाचे निवेदन काढावयाचे नाही असे ठरवले. युद्धकैद्यांना मिळणारा प्रवेश धोक्यात येईल ही भीती तीमागे होती, आणि ती निराधार नव्हती. तरीही पुढे याच समितीला आपल्या त्या मौनाबद्दल कमीपणा मान्य करावा लागला. १९७१ मध्ये 'मेदसाँ साँ फ्रोंतिये' स्थापन झाली तिच्या संस्थापकांत बियाफ्राच्या युद्धात रेडक्रॉसतर्फे काम करून आलेले फ्रेंच डॉक्टर होते. औषध द्यावे आणि पाहिलेले बोलूनही दाखवावे, ही त्यांची भूमिका होती.

बियाफ्राचा उल्लेख आला आहे, तर त्यातील अर्थव्यवहारही पाहिला पाहिजे. १९६७ ते १९७० या काळात नायजेरियातून फुटून निघालेल्या या प्रदेशाची कोंडी झाली होती आणि तेथील कुपोषित मुलांची छायाचित्रे जगभर पोचली होती. मदतसंस्थांची विमाने रात्री ज्या उली येथील धावपट्टीवर उतरत, तिच्यावरच शस्त्रांची विमानेही उतरत. संस्थांना स्थानिक खर्चासाठी बियाफ्राचे चलन लागे. त्याच्या मोबदल्यात बंडखोर सरकारला दुर्मिळ परकीय चलन मिळे. पिठाच्या पोत्याला पंख फुटून त्याची बंदूक होत नाही हे खरे. परंतु पोते फुकट मिळाले की त्यावर खर्च होणारा पैसा बंदुकीसाठी मोकळा होतो. साधनसामग्री टंचाईच्या प्रदेशात आली की ती सत्ता होते, मग पाठवणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

येथे भारतीय वाचकाने स्वतःलाही एक अडचणीचा प्रश्न विचारावयास हवा. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्यासाठी सरकारने टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट बसवले होते. आज साठीच्या पुढे असलेल्यांना ते आठवत असेल. त्या छावण्यांतून मुक्तिवाहिनीत तरुण भरती होत होते, ही काही गुप्त गोष्ट नव्हती, आणि तीबद्दल येथे कोणी खंत व्यक्त केल्याचेही दिसत नाही. मग गोमाच्या छावण्यांत सैनिक होते म्हणून आक्षेप का? बाजू न्याय्य असेल तर छावणीत सैनिक चालतात, असे उत्तर द्यावयाचे, तर तटस्थतेचे तत्त्व सोडावे लागते. ते उत्तर बहुतेकांच्या मनात असते, उघड मात्र कोणी देत नाही. १९७१ चे निर्वासित संहाराचे बळी होते, तर गोमाच्या छावण्यांत संहाराचे सूत्रधार होते, हा नैतिक भेद मोठाच आहे. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने आणखी एक भेद महत्त्वाचा ठरतो. भारतातील छावण्यांचा कारभार भारत सरकारच्या यंत्रणेकडे होता. शिधा मिळवण्यासाठी निर्वासिताला कोणा बंदूकधाऱ्यापुढे उभे राहावे लागत नव्हते. गोमामध्ये नेमके तेच करावे लागत होते.

फ्रेंच शाखेने छावण्या सोडल्या. तिच्याच बेल्जियन आणि डच शाखा १९९५ मध्येही काम करीत होत्या. आणखीही काही संस्था बाहेर पडल्या, बहुतेक राहिल्या. सोडून जाणाऱ्यांचे हात स्वच्छ राहिले असे म्हणता येईल, परंतु त्यामुळे छावणीतील शिध्यात वा सूत्रधारांच्या मिळकतीत फारसा फरक पडला असे दिसत नाही, कारण मोकळी झालेली जागा भरून काढण्यास इतर संस्था होत्या. निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्त सादाको ओगाता यांना मात्र ती सोय नव्हती. त्यांच्या कार्यालयाने अंग काढून घेतले असते तर लाखो बायका-मुले उपाशी मेली असती, आणि सशस्त्र टोळ्या बहुधा सर्वांत शेवटी उपाशी राहिल्या असत्या. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा ज्याच्यावर गंभीर संशय आहे त्याला निर्वासिताचा दर्जा मिळत नाही, असे १९५१ चा करार स्पष्ट सांगतो. पण असा माणूस लाखोंच्या गर्दीतून वेगळा काढण्यास पोलीस लागतात, आणि मदतसंस्थेपाशी पोलीस नसतात. आंतरराष्ट्रीय सैन्याची मागणी झाली, पण राष्ट्रांनी ते दिले नाही. शेवटी ओगातांच्या कार्यालयाला झाईरचेच सुमारे १,५०० सैनिक वेतनावर घ्यावे लागले. अशा मानवी संकटांवर मानवतावादी कार्यात तोडगा सापडत नाही, तो राजकारणातच शोधावा लागतो, असे त्या सांगत राहिल्या. बड्या राष्ट्रांनी राजकीय निर्णयाच्या जागी धान्याची पोती पाठवली, ही गोमाची खरी कथा आहे. दोषाचा मोठा वाटा पोती वाटणाऱ्यांपेक्षा ती पाठवून स्वस्थ बसणाऱ्यांकडे जातो. १९९६ च्या अखेरीस छावण्यांवर सशस्त्र हल्ले होऊन त्या मोडल्या. सहा लाखांवर लोक रुआंडात परतले. जे झाईरच्या जंगलांत पांगले त्यांतील असंख्य माणसे भुकेने, रोगाने आणि गोळ्यांनी मेली.

तथापि गोमाचा दाखला देऊन मदतच तोडावी असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. मदत शत्रूच्या हाती पडते, हा युक्तिवाद वेढा घालणाऱ्या प्रत्येक सेनेला प्रिय असतो. २०२५ मध्ये गाझा पट्टीत तो पुन्हा ऐकू आला. मदत हमासकडे वळते असे इस्रायलचे म्हणणे होते. त्यामुळे सुमारे अडीच महिने संपूर्ण नाकेबंदी झाल्यावर मे महिन्याच्या अखेरीस वाटपासाठी एक नवी संस्था पुढे करण्यात आली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या यंत्रणेची सुमारे ४०० वाटपकेंद्रे होती, त्या जागी चार मोठी केंद्रे आली, तीही लष्कराच्या पहाऱ्यातील प्रदेशात. संयुक्त राष्ट्रसंघाने या योजनेशी सहकार्य नाकारले ते याच चार तत्त्वांच्या आधारे. त्यावर, लोक उपाशी असताना तत्त्वे कसली कुरवाळता, अशी टीका झाली. पण वृद्ध, आजारी, लहान मुले असलेली आई यांना मैलोगणती चालत जाऊन पोते आणता येत नाही. तेथे वाटप गरजेवर न होता अंगातील बळावर होते. त्या केंद्रांच्या परिसरात अन्नासाठी गेलेली शेकडो माणसे गोळीबारात मारली गेल्याची नोंद संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क कार्यालयाने केली. ऑगस्टमध्ये गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ असल्याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जाहीर केले. त्या संस्थेने नोव्हेंबरमध्ये आपले काम संपल्याचे सांगितले. गोमामध्ये यादी एका पक्षाच्या बंदुकीखाली होती, गाझामध्ये वाट दुसऱ्याच्या. तत्त्वांचा प्रश्न दोन्हीकडे रांगेतल्या माणसाच्या पायांपाशीच येऊन थांबतो.

या व्यवहारात एक मूलभूत दोष आहे, त्याकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे लक्ष चटकन जावे. बाजारात जो पैसे देतो तोच वस्तू वापरतो. वाईट वस्तू तो पुन्हा घेत नाही. मदतीच्या क्षेत्रात पैसे देणारा एक आणि वस्तू वापरणारा दुसरा. दात्याचे समाधान झाले की संस्था टिकते, घेणाऱ्याचे न झाले तरी चालते. ग्वाटेमालामध्ये फेब्रुवारी १९७६ च्या भूकंपात घरे पडली, पण मक्याचे पीक चांगले आले होते. तरी परदेशी धान्य येत राहिले, आणि भाव पडल्याची तक्रार शेतकऱ्यांनाच करावी लागली. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टणममध्ये जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते, हा आपल्या इकडचा नमुना. घेणाऱ्यांनाही आपण उत्तरदायी आहोत, असे १९९४ ची आचारसंहिता म्हणते. स्थानिक संस्थांकडे एकूण निधीचा चौथा हिस्सा २०२० पर्यंत सोपवू, असे वचन दाते आणि मोठ्या संस्था यांनी २०१६ मध्ये इस्तंबूल येथे दिले. त्याच्या जवळपासही कोणी पोचले नाही.

घेणाऱ्याच्या हाती काही सत्ता देता येते, याचे उदाहरण महाराष्ट्राला नवे नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने, टिळकांच्या प्रेरणेने, सरकारच्याच दुष्काळ-संहितेतील तरतुदी मराठीतून गावोगाव समजावून सांगितल्या. कामे काढणे, साराबाबत सवलत देणे हे सरकारचे उपकार नसून नियमाने ठरलेले कर्तव्य आहे, एवढेच सभेचे प्रतिनिधी सांगत होते. धान्य त्यांनी आणले नव्हते. सरकारला ते इतके झोंबले, की १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेण्यात आली.

जून २०२५ मध्ये, अमेरिकेसह अनेक दात्यांनी हात आखडता घेतल्यावर, संयुक्त राष्ट्रसंघाने त्या वर्षासाठीची ४४ अब्ज डॉलरची मागणी बाजूस ठेवून अत्यंत निकडीच्या ११ कोटी ४० लाख लोकांसाठी २९ अब्ज डॉलरचा नवा तक्ता मांडला. ही काटछाट निरुपायाने झाली, आणि गरजेची तीव्रता पाहूनच केली असे सांगण्यात आले. ते खरेही असेल. या तक्त्यातून जी कुटुंबे वगळली गेली, त्यांना ते कोणत्या निकषावर, याचा खुलासा त्यांच्या भाषेत कोणी केला की नाही, हे मात्र तक्त्यात लिहिलेले नसते.