नळापासून पेल्यापर्यंत

‘नितळ’ आणि ‘निर्मळ’ हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. परंतु पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत ही गफलत महागात पडते. ज्या पाण्यातून हंड्याचा तळ स्पष्ट दिसतो, ते पाणी नितळ खरे. ते पिण्याजोगे असेलच असे मात्र नाही. रोग पसरविणारे जंतू इतके सूक्ष्म असतात, की हजारो जंतू एका पेल्यात सामावले तरी पाण्याचा रंग पालटत नाही, त्याला वास येत नाही, की त्याची चव बदलत नाही. गढूळ पाण्यापासून माणूस आपोआप दूर राहतो. त्याला फसविते ते नितळ पाणीच.

१९५५ साली दिल्ली शहराला याचा फार कडू अनुभव आला. त्या वर्षी यमुनेला मोठा पूर येऊन गेला आणि पूर ओसरल्यावर नदीच्या प्रवाहाने आपली जागा बदलली. वजीराबाद येथे शहरासाठी नदीचे पाणी उचलले जाई. नजफगड नाला त्याच्या खालच्या अंगाला नदीला मिळत असे. प्रवाह पालटल्यामुळे या नाल्याची घाण उलट फिरून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आली. जलकेंद्रावरील अधिकाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट आली आणि त्यांनी क्लोरीनचे प्रमाण वाढविले. त्यामुळे विषमज्वराची साथ उठली नाही. परंतु काविळीचे विषाणू क्लोरीनच्या तावडीतून निसटले. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. आपल्या महाराष्ट्रातही २०१२ साली इचलकरंजीत काविळीची अशीच मोठी साथ आली होती आणि हजारो लोक अंथरुणाला खिळले होते.

दिल्लीतील संकट नदीच्या टोकाला उद्भवले. आपल्या तालुक्याच्या गावांत धोका बहुधा दुसऱ्या टोकाला, म्हणजे आपल्या घराच्या बाजूला दबा धरून बसलेला असतो. त्या टोकाकडे आपले लक्ष फार कमी जाते, म्हणून त्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

जलशुद्धीकरण केंद्रातील कामाची रीत साधी आणि शहाणपणाची आहे. नदीच्या किंवा तलावाच्या पाण्यात तुरटी मिसळली, की मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके बनतात आणि ते तळाशी बसतात. वरचे पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते. शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. क्लोरीन उरलेल्या बहुतेक जंतूंचा नाश करतो. शिवाय त्याचा थोडा अंश पाण्यात मुद्दाम शिल्लक ठेवला जातो. हा शिलकी क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर घरोघर पाठविलेला पहारेकरीच होय. लोकांच्या नळाशी पोहोचताना दर लिटर पाण्यात तो निदान ०.२ मिलिग्रॅम असावा, असे भारतीय मानक सांगते.

आता या पाण्याचा पुढचा प्रवास पाहा. केंद्रातून ते उंच जलकुंभात चढते आणि तेथून जमिनीखालच्या नळांतून गल्लोगल्ली जाते. हे नळ कित्येक ठिकाणी गटाराला लागून, क्वचित गटारातूनच गेलेले असतात. जुन्या सांध्यांतून पाणी झिरपत असते. नळ चोवीस तास भरलेला असेल, तर त्या फटीतून पाणी बाहेर पडेल. नासाडी होईल, परंतु घाण आत शिरणार नाही, कारण आतला दाब बाहेरच्यापेक्षा अधिक असतो. आपल्याकडे मात्र पाणी दिवसातून तासभर सुटते, कोठे दोन-चार दिवसांआड, तर कडक उन्हाळ्यात काही गावांना आठवड्यातून एकदाच. पाणी बंद झाले, की नळ रिकामा होऊ लागतो आणि आतला दाब नाहीसा होतो. मग ज्या फटीतून काल पाणी बाहेर येत होते, त्याच फटीतून आज गटाराचे पाणी आत जाते. पुन्हा पाणी सुटते, तेव्हा पहिला लोंढा ही घाण बरोबर घेऊन येतो. म्हणूनच पहिल्या काही मिनिटांचे पाणी पिण्यासाठी न भरता सडा-सारवणासाठी आणि झाडांसाठी वापरण्याची काही घरांतील चाल मोठी शहाणपणाची आहे.

हा नुसता तर्क नव्हे. कर्नाटकातील हुबळी-धारवाड या जोडशहरात २००८ पासून काही प्रभागांना अखंड पाणीपुरवठा होऊ लागला. उरलेल्या भागांत पूर्वीप्रमाणेच काही दिवसांआड पाणी येत राहिले. अभ्यासकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले आणि २०१३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यात मैला मिसळल्याची खूण सांगणारे ई-कोलाय नावाचे जंतू अखंड पुरवठ्याच्या भागात शंभर नमुन्यांमागे एकापेक्षाही कमी नमुन्यांत आढळले. खंडित पुरवठ्याच्या भागात हेच प्रमाण शंभरांमागे तिसांहून अधिक होते. पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था दोन्हीकडे तीच होती. फरक पडला तो वाटेत.

या वाटेवरच्या संकटात आपण आपल्या हातांनी आणखी एक भर घालतो. पाणी सुटण्याची वेळ झाली, की गल्लीत एकामागून एक विजेच्या मोटारी घरघरू लागतात. या मोटारी हौदातले पाणी गच्चीवर चढविण्यासाठी असत्या, तर तक्रार नव्हती. त्या थेट नगरपरिषदेच्या नळाला जोडलेल्या असतात आणि नळातले पाणी ओढून घेतात. शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढणे हा अन्याय तर आहेच; परंतु त्याहून वाईट गोष्ट अशी, की मोटार नळात पोकळी निर्माण करते आणि ती पोकळी भरून काढण्यासाठी सांध्याच्या फटीतून गटाराचे पाणी धावते. जो गृहस्थ मोटार लावून चार हंडे अधिक मिळविल्याच्या आनंदात असतो, तो कदाचित साऱ्या गल्लीचे आजारपणच घरी ओढून आणीत असतो.

शिवाय ही मोटार घरातील माणसांच्याही जिवावर उठू शकते. पहाटेची घाई, ओली फरशी, अनवाणी पाय, चिंधी गुंडाळलेली वायर आणि ओल्या हाताने दाबलेले बटण! ओल्या शरीरातून विजेचा प्रवाह अधिक सहज वाहतो. म्हणून एरवी चटका देऊन सोडणारी वीज अशा वेळी प्राण घेते. मोटारीला जमिनीशी नीट जोडणी असली आणि वीज गळताच प्रवाह तोडणारे उपकरण घराच्या विद्युतफलकावर बसविलेले असले, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. तरीही पाणी भरताना मोटारीचे बटण दाबण्यास लहान मुलांना धाडणे हे माझ्या मते सर्वथा गैर आहे. बादलीत पाणी तापविण्याच्या विजेच्या कांडीचीही हीच कथा. प्रवाह चालू असताना पाणी तापले की नाही हे बोट बुडवून पाहणारी माणसे मी पाहिली आहेत. अशा धाडसाचे कौतुक करावे असे मला कधीच वाटले नाही.

“सगळेच मोटार लावतात, आम्ही न लावली तर आमच्या नळाला थेंबही येणार नाही,” असे पुष्कळजण म्हणतील. हे म्हणणे खोटे नाही, आणि म्हणूनच एकट्या कुटुंबाला दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. गळके नळ बदलणे आणि पाणी पुरेशा दाबाने देणे हे नगरपरिषदेचे कर्तव्य आहे. ते लहान गावांना झेपणारे नाही, असे कोणी सांगू लागले तर त्याला सातारा जिल्ह्यातील मलकापूरचे नाव सांगावे. कराडला लागून असलेल्या या लहानशा गावाने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी देणारी योजना उभी केली आणि घरोघर मीटर बसविले. नळाला केव्हाही पाणी असेल, तर कोण कशाला मोटार लावील आणि दारात पिंपांची रांग तरी कशाला मांडील?

कारण पाणी साठविणे हेच घरातील कित्येक अपघातांचे मूळ आहे. पाणी रोज मिळण्याचा भरवसा नसला, की प्रत्येक घराला स्वतःचे जलकेंद्र व्हावे लागते. हौद, पिंप, रांजण, बादल्या सारे भरून ठेवले जाते. उघड्या पिंपातल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरविणारा डास अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होऊन उडून जातात. त्यासाठी आठवड्यातून एकदा भांडी नुसती रिकामी करून भागत नाही. ती आतून घासावी लागतात, कारण अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात. अंगणातल्या हौदाला झाकण नसेल, तर रांगत्या मुलाला बुडण्यास वीतभर पाणीही पुरते. पिण्याच्या माठात प्रत्येकजण पेला धरलेला हात बुडवीत असेल, तर शुद्धीकरण केंद्रातील सारी मेहनत त्या बोटांवरच्या मळाबरोबर वाया जाते. आपल्या आज्या लांब दांड्याचे ओगराळे पाण्याच्या माठाशी ठेवीत असत. ते पुन्हा घरोघर दिसू लागावे.

बाटल्यांची गोष्ट तर याहून गंभीर आहे. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कोणी रॉकेल भरतो, कोणी रंग पातळ करण्याचे टर्पेंटाइन, तर कोणी फरशी धुण्याचे अ‍ॅसिड. तीही नितळच दिसतात! तहानलेले लहान मूल बाटली पाहते आणि तोंडाला लावते. असे घडल्यास मुलाला ओकारी काढावयास लावू नये. पोटातून परत येताना तो पदार्थ घसा पुन्हा भाजतो किंवा फुप्फुसांत उतरतो. बाटली बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. पाणी शुद्ध करण्याची विरंजक पूडही उंच जागी, कोरडी ठेवावी. ती अ‍ॅसिडमध्ये मिसळली तर विषारी वायू सुटतो.

पाणी भरण्याचे काम बहुतेक घरांत मुलींच्या वाट्याला येते (ते मुलग्यांच्याही यावे, हे जाता जाता सांगून ठेवतो), तेव्हा पाण्याविषयी विचारण्याचा अधिकारही तुम्हां मुलामुलींना आहे. पाण्यात पहारेकरी आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी चाचणी असते. नळाच्या पाण्याच्या नमुन्यात तपासणीच्या द्रावणाचे काही थेंब टाकतात. क्लोरीन असला, की पाणी पिवळे होते. तो नसेल, तर पाणी खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसेच उकळू द्यावे आणि निवल्यावर त्याच भांड्यात झाकून ठेवावे, हे बरे.

ही चाचणी शुद्धीकरण केंद्राच्या दारात करून समाधान मानण्यात काय अर्थ आहे? ती गावातील सर्वांत दूरच्या गल्लीतील अखेरच्या नळावर झाली पाहिजे. माझे तर असे मत आहे, की प्रत्येक प्रभागात एक फळा असावा आणि त्या भागातील अखेरच्या नळाशी किती क्लोरीन आढळला, हे पाणी सुटेल त्या प्रत्येक दिवशी त्यावर लिहिले जावे. शाळेच्या भिंतीवरचा फळा याला उत्तम. पहिल्या दिवशी तेथे शून्य लिहावे लागले, तर शून्यच लिहावे. गळका सांधा कोणत्या गल्लीत शोधावयाचा, हे त्या शून्यावरूनच कळेल.