सायकल आणि उंबरठा

या सदराकडे येणारी पत्रे बहुतेक दागिने, बँकेतील ठेवी आणि मुलींच्या लग्नाची तरतूद यांविषयीच असतात. यंदा दिवाळीच्या तोंडावर डोंबिवलीच्या एका भगिनीचे पत्र आले, त्यात मात्र यांपैकी काहीच नव्हते. त्या लिहितात, "लेकीने नोकरीच्या पहिल्याच वर्षी पंच्याऐंशी हजारांची सायकल घेतली. अजून तिचे हप्ते चालू आहेत. आमचा ब्लॉक दोन खोल्यांचा, म्हणून सायकल जिन्याखाली साखळी लावून ठेवतो. ह्यांनी घराचा विमा उतरवला आहे. उद्या सायकल चोरीला गेली तर तो विमा उपयोगी पडेल का? की सायकल जायची आणि हप्ते तेवढे राहायचे?"

पंच्याऐंशी हजारांची सायकल म्हटल्यावर काही वाचकांच्या भुवया वर गेल्या असतील. अॅटलस किंवा रॅले सायकल घेऊन, नगरपालिकेचा बिल्ला लावून, ती वीस वर्षे वापरणाऱ्यांना हा आकडा पचणे कठीण. पण रविवारी पहाटे ठाण्याला येऊरच्या चढावर किंवा कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहून पाहावे. हलक्या मिश्र धातूच्या, क्वचित कार्बनच्या चौकटीच्या, गिअरच्या आणि डिस्क ब्रेकच्या सायकली ओळीने जाताना दिसतील. त्यांतल्या कित्येकींची किंमत घरातल्या फ्रिजहून आणि टीव्हीहून जास्त असते. फ्रिज मात्र कोणी जिन्याखाली ठेवीत नाही!

त्या भगिनींच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की बहुधा नाही. याचे कारण समजले म्हणजे पॉलिसी कशी निवडावी हेही आपोआप समजते.

घरातल्या सामानाचा विमा हा घरात बसून राहणाऱ्या वस्तूंसाठी रचलेला असतो. कपाट, पलंग, मिक्सर, भांडी यांना पाय नसतात. सायकल ही सामानातली एकच वस्तू अशी, की जी रोज उंबरठा ओलांडते, आणि तिला खरा धोका असतो तोही उंबरठ्याबाहेर. विमा उंबरठ्याशी थांबतो आणि सायकल तिथून पुढे जाते. सगळी अडचण आहे ती एवढ्यातच.

आता प्रत्यक्ष पॉलिसीकडे वळू. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच मसुद्याची पॉलिसी ठरवून दिली. पूर्वी प्रत्येक कंपनीची भाषा निराळी असे. तो घोळ यामुळे पुष्कळ कमी झाला. या पॉलिसीत इमारतीचा विमा घेतला, की त्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, घरातील सामान आपोआप धरले जाते. इमारतीची रक्कम बाजारभावाने नव्हे, तर पुन्हा बांधण्याच्या खर्चाने काढतात. समजा, ब्लॉक सहाशे चौरस फुटांचा आहे आणि बांधकामाचा खर्च फुटाला तीन हजार रुपये धरला, तर इमारतीचे अठरा लाख झाले आणि सामानाचे तीन लाख साठ हजार. सामान याहून अधिक किमतीचे असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घेता येते. भाड्याने राहणाऱ्यांना नुसत्या सामानाचाही विमा घेता येतो. सोसायटीने उतरवलेला विमा इमारतीचा असतो. त्यात तुमच्या घरातले कपाट किंवा सायकल येते असे समजू नये.

ही पॉलिसी आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी फुटणे अशा आपत्तींना लागू आहे. आपल्या भागात यांतले काहीच पुस्तकी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कल्याण-बदलापूरपर्यंत तळमजल्यांतून पाणी शिरले. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली आणि शेकडो प्रवाशांना बाहेर काढावे लागले. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनी माणसे दगावली आणि आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. अशा वेळी घरातली सायकल बुडाली किंवा तिच्यावर भिंत कोसळली, तर या पॉलिसीचा आधार आहे. शिवाय वस्तू दुरुस्त होण्याजोगी राहिली नसेल तर तशाच नव्या वस्तूची किंमत देण्याची तरतूद आहे. घसारा कापला जात नाही. हा मोठाच फायदा.

चोरीच्या बाबतीत मात्र कलमे सावकाश वाचावीत. या मसुद्यात चोरीची भरपाई आहे ती एवढीच, की पूर, आग यांसारखी आपत्ती घडली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली तर. एरवी रात्री कोणी येऊन सायकल नेली तर हे कलम लागू होत नाही. दुसरे, घरातून दुसरीकडे नेलेल्या वस्तूचे नुकसान वगळलेले आहे. तिसरे, वगळलेल्या वस्तूंच्या यादीत 'वाहने' हा शब्द आहे. पॉलिसीत स्पष्ट उल्लेख असेल तरच ती धरली जातात. आता सायकल हे वाहन की घरगुती सामान? तुमच्या-आमच्या मते काहीही असो, दावा करण्याच्या दिवशी हा वाद घालावा लागू नये. यासाठी पॉलिसी घेतानाच "सायकल सामानात धरली आहे" असे कंपनीकडून लेखी घ्यावे. एजंटाने फोनवर दिलेल्या होकाराला कागदाचे मोल नाही.

पुष्कळ कंपन्या जादा हप्ता घेऊन घरफोडीचे कलम जोडून देतात. ते घ्यावेच, पण त्यातला 'घरफोडी' हा शब्द नीट समजून घ्यावा. कुलूप तोडून, खिडकीचा गज कापून, बळजबरीने आत शिरून केलेली चोरी म्हणजे घरफोडी. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका निकालात हेच सांगितले, की पॉलिसीत घरफोडीसाठी बळाचा वापर ही अट लिहिली असेल, तर नुसत्या चोरीला भरपाई मिळणार नाही. दार उघडे होते, कोणी आत आले आणि सायकल घेऊन गेले, ही झाली साधी चोरी. तिच्यासाठी निराळे शब्द पॉलिसीत असावे लागतात.

ठाण्यातील माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांना हा फरक फार महागात पडला. त्यांची सायकल तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्याच दाराबाहेर, जिन्याच्या कठड्याला बांधलेली असे. एका पहाटे साखळी कापलेली आणि सायकल नाहीशी. घरफोडीचे कलम होते, हप्ते वेळेवर भरलेले होते. कंपनीने उत्तर दिले, की साखळी तोडली हे खरे, पण तुमच्या घरात कोणी बळजबरीने शिरलेले नाही. जिना हा सर्वांचा आहे. सायकल दारापासून दोन हातांवर होती. त्या दोन हातांनी त्यांचे साठ हजार रुपये गेले. त्यांच्या मुलाने त्या सायकलीसाठी दोन वर्षे शिकवण्या केल्या होत्या. ते मला म्हणाले, "पैशाचे दुःख आहेच हो, पण मुलापुढे पॉलिसीचा कागद घेऊन बसण्याची लाज जास्त वाटली."

मग सायकलवाल्याने करावे तरी काय? गंमत अशी, की या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे जुनेच आहे. १९७३ च्या आरंभी साधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि पुढे चार सरकारी कंपन्यांकडे हा धंदा आला. त्यांच्या 'हाउसहोल्डर्स' पॉलिसीत आग, घरफोडी, दागिने, टीव्ही अशी निरनिराळी कलमे असत आणि त्यांत पायाने चालवायच्या सायकलीचे एक स्वतंत्र कलम असे. सायकल हेच मध्यमवर्गीयांचे वाहन होते, म्हणून ते आले. त्यात आग, चोरी आणि अपघात यांच्याबरोबरच सायकलीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारीही धरलेली असे. तेव्हा एजंटाला प्रथम विचारावे, "तुमच्या पॉलिसीत सायकलीचे वेगळे कलम आहे का?" असल्यास त्याच्या अटी वाचाव्यात. अशा कलमांत सहसा नुसती घंटी, दिवा किंवा पंप चोरीला गेला तर पैसे मिळत नाहीत, सायकलही त्याच वेळी गेली पाहिजे. आणि शर्यतीत किंवा भाड्याने दिलेली असताना झालेले नुकसान धरले जात नाही. ज्यांची मुले स्पर्धांत उतरतात त्यांनी शर्यतीचे वाक्य दोनदा वाचावे.

सायकलीचे कलम नसेल तर 'ऑल रिस्क' प्रकारचा विमा विचारावा. दागिने अंगावर असतानाही सुरक्षित राहावेत म्हणून हा प्रकार असतो. त्यात सायकल नावानिशी घालता आली तर उंबरठ्याची अडचणच उरत नाही. दुकानदार सायकलीबरोबरच विमा देऊ करील, तर तो कोणत्या कंपनीचा आहे हे पाहावे आणि पॉलिसीचा कागद हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कोणतीही पॉलिसी समोर आली तरी मी पुढील गोष्टी विचारीन. सायकल घराबाहेर, स्टेशनजवळच्या स्टँडवर किंवा जिन्याखाली असताना विमा चालू राहतो का? साधी चोरी धरली आहे की घरफोडीच? एका वस्तूला जास्तीत जास्त किती रक्कम मिळेल? कारण सामान चार लाखांचे असले, तरी एका वस्तूवर मर्यादा घातलेली असू शकते. नवी किंमत देणार की घसारा कापणार? दाव्यातली पहिली किती रक्कम आपण सोसायची? कुलूप कोणत्या प्रकारचे हवे? दिवाळीत किंवा गणपतीत आपण कोकणात गेलो, तर घर किती दिवस बंद ठेवलेले चालेल? सायकल विजेवर चालणारी असेल तर तेही आधीच सांगावे. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग नसलेली, नियमांत बसणारी गाडी मोटार वाहन ठरत नाही. त्याहून मोठीला मोटारीचाच विमा लागतो.

येथे हिशेबी वाचक विचारतील, की प्रत्येक सायकलीला हा खटाटोप हवा का? मुळीच नाही. सात-आठ हजारांच्या सायकलीला वेगळा विमा म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तिथे चांगले कुलूप हाच विमा. जी वस्तू गेली तर घरातला महिन्याचा मेळ कोलमडेल, किंवा जिचे हप्ते अजून फिटायचे आहेत, तिचाच विमा अगत्याने उतरवावा.

विमा उतरवला तरी कागद नसतील तर सारे व्यर्थ. खरेदीची पावती जपावी. सायकल उलटी करून पायडल फिरतात त्या जागेखाली पाहावे. तिथे चौकटीवर नंबर कोरलेला असतो. तो वहीत लिहावा, त्याचा फोटो काढावा आणि पॉलिसीत घालून घ्यावा. चोरी झालीच तर त्याच दिवशी पोलिसांत एफआयआर नोंदवून कंपनीला लेखी कळवावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे चोरीचे कलम आता ३०३ आणि राहत्या घरातील चोरीचे ३०५ आहे. चोर सापडला नाही तर पोलिसांचा तपासाअखेरचा अहवाल, ज्याला आपल्याकडे 'अ समरी' म्हणतात, तो कंपनी मागते. त्याचा पाठपुरावा आपणच करावा लागतो. दावा नाकारला आणि तो अन्यायाने नाकारला असे वाटले तर कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र नकार आल्यापासून वर्षाच्या आत गेले पाहिजे.

डोंबिवलीच्या भगिनींना माझे सांगणे असे. लेकीची सायकल आज रात्रीपासूनच घरात घ्या. दोन खोल्यांत अडचण होईल हे खरे, पण भिंतीला आकडा ठोकून ती उभी टांगता येते. मग ह्यांना पॉलिसी काढायला सांगा आणि सायकलीचा उल्लेख नसेल तर कंपनीला पत्र लिहा. सायकलीचा विमा मुलीच्याच नावाने हवा की घराच्या पॉलिसीत चालेल, हेही त्याच पत्रात विचारा, कारण पावती तिच्या नावाची असणार. दिवाळीच्या पहाटे लेक नवी साडी नेसून मैत्रिणींबरोबर फडके रोडवर जाईल; तुम्ही फराळाची ताटे मांडत असाल. संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला वह्या पाटावर ठेवाल, तेव्हा त्यांच्याशेजारी ती पॉलिसीही ठेवा, आणि हळदकुंकू वाहण्यापूर्वी एकदा शेवटच्या पानापर्यंत वाचून काढा.