विश्लेषण : शाळेतला ‘आनंद बाजार’ मुलांना धंदा शिकवतो का?

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत ‘आनंद बाजार’ भरतो. मुले भेळ, भाजी, चिक्की विकतात. पालक कौतुकाने घेतात. संध्याकाळी ‘अमुक हजारांची उलाढाल’ अशी पोस्ट गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते. नफा किती झाला, हे मात्र कोणी विचारत नाही. तेल, चुरमुरे, गॅस घरचा आणि पहाटेपासून राबणारी आई फुकट. असा हिशेब धरला तर कुठलाही धंदा फायद्यातच दिसेल!

दिल्लीने काय केले?

दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१९ मध्ये नववी ते बारावीसाठी उद्योजकतेचा अभ्यासक्रम आला. २०२१ मध्ये ‘बिझनेस ब्लास्टर्स’ योजनेत अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी २,००० रुपये बीजभांडवल देण्याचे ठरले. त्याचा टीव्ही शोही झाला. तो झगमगाट सोडला, तरी खरे पैसे हातात आले की ‘उरले किती?’ हा प्रश्न टाळता येत नाही.

पाबळचा प्रयोग वेगळा कसा?

याहून जुने उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून पुढे आलेला ‘आयबीटी’, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख, हा विषय आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस शिकतात. वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी कामे त्यात येतात. शिकवायला गावातलेच कारागीर. मुले गावकऱ्यांची खरी कामे करून देतात आणि त्याचे पैसे घेतात. गेटचा सांधा निसटला तर गिऱ्हाईक परत येते. कौतुकाने खरेदी करणारा पालक असा कधीच परत येत नाही. फरक आहे तो इथेच.

मग अडते कुठे?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकावे, ही कल्पना चांगलीच. पण वीस मुले दुकानात आली की सुताराचा रोजगार बुडतो. तो कोण भरून देणार? मानधनाशिवाय ही ‘भागीदारी’ म्हणजे कारागिराकडून वेठबिगारीच.

शाळांना मात्र यासाठी थांबायची गरज नाही. पुढच्या आनंद बाजारात प्रत्येक गटाला एक वही देता येईल. घरून आणलेल्या मालाचा बाजारभाव, न खपलेला माल आणि आईच्या तासांची मजुरी, एवढे तीन रकाने पुरेत.