लुटुपुटीची कुस्ती आणि खरी फसवणूक

सुशिक्षित मंडळींत बसून अमेरिकेंतील धंदेवाईक कुस्तीचें नांव काढण्यास थोडें धैर्य लागतें. नांव निघतांच कोणीतरी मंदस्मित करून म्हणतो, "पण तें सारें खोटें असतें ना?" आणि एखाद्या दाव्याचा निकाल लागल्यासारख्या समाधानानें दुसऱ्या विषयाकडे वळतो. 'मंडे नाइट रॉ' हा आठवड्याचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम ११ जानेवारी १९९३ रोजीं न्यू यॉर्क येथें सुरू झाला. अमेरिकेंतील सोमवारची रात्र ती आमची मंगळवारची सकाळ. आणि त्या सकाळीं होणारा हा खेळ आम्ही पुष्कळ वर्षें आस्थेनें पाहत आलों आहों. त्याविषयीं आमची तक्रारही लहानसान नाहीं. परंतु आमची तक्रार आणि वरील गृहस्थांचा आक्षेप हीं दोन निराळीं टोकें आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, हा खेळ खोटा आहे म्हणून तो त्याज्य. आमचें म्हणणें असें कीं, तो आपल्या खोट्याशींही इमान राखीत नाहीं म्हणून दोषार्ह. या दोन पक्षांपैकीं पहिल्याचें खंडन आणि दुसऱ्याचें मंडन करावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, जें रहस्य फोडल्याचा आनंद हे आक्षेपक मानतात, तें आतां रहस्य राहिलेलेंच नाहीं. सन १९८९ मध्यें न्यू जर्सी राज्याच्या कायदेमंडळापुढें खुद्द या कंपनीनेंच कबूल केलें कीं, आमच्या कुस्त्या ही चढाओढ नसून करमणूक आहे. या कबुलीच्या मुळाशीं सत्याची चाड नव्हती. खेळांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाचा अधिकार आणि त्याबरोबरचा कर आपल्यावरून टळावा, हा साधा व्यवहार होता. कारण कसेंही असो, निकाल आधीं ठरलेला असतो हें धन्यानेंच सांगितल्याला तीन तपें होऊन गेलीं. इतकी शिळी बातमी नव्या शोधाच्या थाटांत सांगणाराला काय म्हणावें, हें वाचकांनींच ठरवावें.

आक्षेपकांच्या मनांत येथें दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडील मैदानांत दोन पैलवानांनीं आंतून संगनमत करून कुस्ती सोडविली, तर लोक तिला 'नुरा कुस्ती' म्हणतात आणि शिव्या देत उठून जातात; तें योग्यच आहे. कारण तेथें खरी झुंज दाखवूं असें सांगून प्रेक्षकांस बोलावलेलें असतें, आणि दिलेलें वचन मोडलें जातें. 'रॉ'मध्यें असें वचन कोणी दिलेलेंच नसतें. तेथील करार नाटकगृहांतील कराराच्या जातीचा आहे. कीचक भीमाच्या हातून मरणार, हें प्रेक्षकांस तिकीट काढतांनाच ठाऊक असतें. तरी त्या प्रसंगीं ते श्वास रोखून बसतात, आणि पडदा पडल्यावर कीचकाचें काम करणारा नट जिवंत दिसला म्हणून कोणी पैसे परत मागत नाहीं. कोण जिंकणार हें ठरलेलें असण्यांत लबाडी नाहीं. तो कां आणि कसा जिंकला, हें प्रेक्षकांस पटवून देण्याचें कष्ट चुकविण्यांत मात्र ती आहे.

दुसरें असें कीं, "सारें खोटें" या शब्दांतील "सारें" हा शब्द तर सरळसरळ चूक आहे. पडणें ठरवून केलेलें असलें, तरी पडणारें शरीर खरें असतें. रिंगणाची जमीन म्हणजे पोलादी सांगाडा, त्यावर फळ्या, त्यांवर पातळ गादी आणि वर ताणलेलें जाड कापड. तिच्यावर आठवड्यामागून आठवडे पाठ आपटून घेणाराच्या मणक्यांस, हा खेळ लुटुपुटीचा आहे, असें कोण समजावून सांगणार? मिक फोली या मल्लाच्या उजव्या कानाचा मोठा भाग १९९४ सालीं म्यूनिक येथील कुस्तींत, रिंगणाच्या दोरांत डोकें अडकून, तुटून गेला. डॅनियल ब्रायन यानें ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं सिॲटल येथील 'रॉ'च्या रिंगणांतूनच, डोक्यास वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळें, ऐन चौतिशींत निवृत्ति जाहीर केली. डॉक्टरांची परवानगी मिळून पुन्हां रिंगणांत उतरण्यास त्याला दोन वर्षें थांबावें लागलें. ओवेन हार्ट हा तर २३ मे १९९९ रोजीं कॅन्सस सिटी येथें, छतापासून दोरानें उतरण्याच्या देखाव्याच्या वेळीं कोसळून मरण पावला. आणि कंपनीनें त्या रात्रीचा उरलेला खेळ पुढें चालूच ठेवला. हेंही खोटेंच म्हणावयाचें काय?

घरांतील वडील माणसांचा एक आक्षेप मात्र आम्ही आदरानें ऐकतों. हे डाव पाहून मुलें ते एकमेकांवर करतात आणि दुखापत करून घेतात, असें ते म्हणतात. भय खरें आहे. कंपनीलाही "हें घरीं करूं नका" अशी सूचना पडद्यावर द्यावी लागते. परंतु "तें सगळें खोटें असतें, त्यांना कांहीं लागत नाहीं" हें वाक्य मुलें कोणाच्या तोंडून ऐकतात? ज्यानें कांहीं लागत नाहीं असें वडिलांनींच सांगितलें, तें करून पाहण्यास मुलानें कां भ्यावें? निकाल ठरलेला असतो, पण मार खरा असतो, आणि तो अंगावर घेण्याची विद्या वर्षानुवर्षें शिकावी लागते, असें जो बाप आपल्या मुलास सांगतो, तो त्याचें अधिक रक्षण करतो. उपहासानें मुलें सावध होत नाहींत, माहितीनें होतात.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. खोट्याचेंही इमान असतें म्हणजे काय, हें समजण्यास ४ जानेवारी १९९९ या एका रात्रीचा इतिहास पुरेसा आहे. त्या काळीं सोमवारीं रात्रीं दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे कार्यक्रम समोरासमोर चालत. एक 'रॉ' आणि दुसरा 'नायट्रो'. त्या रात्रीचा 'रॉ' आधींच चित्रित झालेला होता, आणि त्यांत मिक फोली हा 'मॅनकाइंड' या नांवानें अजिंक्यपद मिळविणार होता. ही बातमी 'नायट्रो'च्या समालोचकानें वरिष्ठांच्या हुकमावरून, प्रतिपक्षाचा कार्यक्रम कोणी पाहूं नये म्हणून, कुत्सितपणें जाहीर करून टाकली. परिणाम काय झाला? कांहीं लक्ष प्रेक्षकांनीं 'नायट्रो' सोडून 'रॉ' लावला! निकाल ठरलेला आहे एवढेंच नव्हे, तर तो कोणता आहे हेंही कानांवर पडल्यावर ते तिकडे गेले. कारण कान गमावलेला, देखणेपणाशीं कांहींएक संबंध नसलेला, वर्षानुवर्षें मार खात आलेला एक साधा माणूस अखेर वर चढतो, तो क्षण त्यांना आपल्या डोळ्यांनीं पाहावयाचा होता.

त्याच रात्रीं 'नायट्रो'नें आपल्या प्रेक्षकांस काय दिलें, तेंही पाहावें. अटलांटा येथील विशाल सभागृहांत, त्याच गांवच्या गोल्डबर्ग या लाडक्या मल्लाची विजेत्या केव्हिन नॅशशीं कुस्ती होणार, अशी जाहिरात झालेली होती. ती कुस्ती झालीच नाहीं. गोल्डबर्गच्या जागीं हल्क होगन आला. त्यानें नॅशच्या छातीस एक बोट लावलें, नॅश आडवा झाला, आणि अजिंक्यपदाचा पट्टा त्या बोटाच्या स्पर्शानें एकाकडून दुसऱ्याकडे गेला. दोन्हीं ठिकाणचे निकाल सारखेच ठरलेले होते. सत्यासत्याच्या तराजूंत दोहोंचें वजन एकच भरलें असतें. तरी एका ठिकाणीं प्रेक्षकांच्या श्रद्धेचा मान राखला गेला आणि दुसऱ्या ठिकाणीं तिची थट्टा झाली. पुढें मार्च २००१ मध्यें 'नायट्रो'ची कंपनी प्रतिस्पर्ध्यासच विकली गेली. तिच्या नाशाची कारणें अनेक होतीं, हें आम्ही जाणतों. परंतु त्या एका बोटानें झालेली जखम प्रेक्षक अद्याप विसरलेले नाहींत.

खेदाची गोष्ट ही कीं, ज्या 'रॉ'नें हा धडा शत्रूच्या खर्चानें शिकावयास हवा होता, त्यानेंच पुढें तो वारंवार विसरण्याचा क्रम आरंभिला. त्याचा पहिला अपराध लांबणीचा. आरंभीं एक तासाचा असलेला हा कार्यक्रम १९९७ मध्यें दोन तासांचा आणि २३ जुलै २०१२ पासून तीन तासांचा झाला. कथानक वाढलें म्हणून वेळ वाढला नव्हता. जाहिरातींस जागा हवी म्हणून वाढला होता. मग तीच भाषणें, त्याच जोड्यांच्या त्याच कुस्त्या, आणि गेल्या आठवड्याचें वैर या आठवड्यांत विसरणारीं पात्रें. बारा वर्षें हा भार प्रेक्षकांच्या डोक्यावर ठेवून २०२४ च्या अखेरीस तो थोडा काळ दोन तासांवर आणला गेला, तेव्हां कित्येकांस सुटल्यासारखें झालें.

दुसरा अपराध अनुपस्थितीचा. एप्रिल २०१७ मध्यें ब्रॉक लेस्नर यानें 'रॉ'चें सर्वोच्च अजिंक्यपद मिळविलें आणि तें ५०४ दिवस आपल्याकडे ठेवलें. या काळांत विजेता आणि त्याचा पट्टा आठवडेच्या आठवडे कार्यक्रमांत दिसत नसे. ज्या पदासाठीं बाकीच्या सर्वांनीं जिवाचें रान करावयाचें, तें पदच घरीं बसलेलें! राजा नसलेल्या दरबारांत सरदारांनीं मुजरे कोणास करावे?

तिसरा अपराध अर्धवट निकालाचा, आणि आमच्या मतें तो सर्वांत मोठा. दोन मल्ल वीस मिनिटें अंग झिजवून कुस्ती रंगवितात, प्रेक्षक उभे राहतात, आणि नेमका तेव्हां तिसरा कोणी धांवत येऊन दोघांसही मारतो. पंच घंटा वाजवितो, कुस्ती बाद होते. हेतु असा कीं, खरा निकाल पुढच्या मोठ्या खेळासाठीं राखून ठेवावा. परंतु ज्यांनीं ही वीस मिनिटें आपलीं शरीरें खर्चीं घातलीं, त्यांच्या वेदनेची किंमत काय झाली? पूज्य! निकाल खोटा असेल, पण तो असलाच पाहिजे. नाहीं तर खरा मार फुकट जातो. आमच्या रागाचें मूळ येथें आहे.

यावर मालकांचें ठराविक उत्तर असें कीं, प्रेक्षकांस हेंच आवडतें. हें उत्तर त्यांच्याच इतिहासानें खोटें पाडलें आहे. जानेवारी २०१४ मध्यें पिट्सबर्ग येथें तीस मल्लांच्या झुंजींत डॅनियल ब्रायन यास घेतलें नाहीं, तेव्हां लोकांनीं रे मिस्टेरिओसारख्या आवडत्या मल्लाचाही धिक्कार केला. कंपनीस बेत बदलावा लागला आणि ६ एप्रिल रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें ब्रायननें अजिंक्यपद जिंकलें. २३ फेब्रुवारी २०१५ च्या 'रॉ'मध्यें स्त्रियांची कुस्ती सुमारें अर्ध्या मिनिटांत गुंडाळली गेली, तेव्हां प्रेक्षकांनीं असा गहजब केला कीं त्याची दखल घेणें कंपनीस भाग पडलें. आणि ७ एप्रिल २०१९ रोजीं वर्षांतील सर्वांत मोठ्या खेळांत अखेरची मानाची कुस्ती प्रथमच स्त्रियांची झाली. फेब्रुवारी २०२४ मध्यें कोडी ऱ्होड्स याची कमावलेली जागा एका सिनेनटास, पूर्वीच्या 'रॉक'ला, देण्याचा घाट घातला गेला. तोही प्रेक्षकांनींच हाणून पाडला. आवडतें काय, हें प्रेक्षक घसा कोरडा करून सांगत असतात. ऐकण्याची इच्छा नसणारासच तें ऐकूं येत नाहीं.

आणि आतां तर ऐकण्याची जबाबदारी अधिकच वाढली आहे. जानेवारी २०२४ मध्यें जाहीर झालेल्या करारानें या कार्यक्रमाचे हक्क दहा वर्षांसाठीं पांच अब्जांहून अधिक डॉलरांस नेटफ्लिक्सनें घेतले. एप्रिल २०२५ पासून भारतांतील प्रेक्षकही तो तेथेंच, वर्गणी भरून, पाहतात. एवढा पैसा ज्यांच्या पाठीवर उभा आहे, त्या मल्लांस कंपनी आपले नोकर मानीत नाहीं, स्वतंत्र कंत्राटदार मानते. २०२४ पासून रिंगणाच्या मधोमध, जेथें त्यांच्या पाठी आपटतात नेमक्या त्याच कापडावर, पेयाची जाहिरात छापण्यापर्यंत मजल गेली. जाहिरात असूं द्या. पण जी पाठ तिच्यावर पडते, तिला किमान एक अर्थपूर्ण निकाल देण्याइतकी कृतज्ञता तरी असूं द्या.

आमची मागणी भारी नाहीं. विजेत्यानें रिंगणांत उतरावें. आरंभिलेली कुस्ती शेवटास न्यावी. गेल्या आठवड्यांत जें घडलें तें या आठवड्यांत घडलेलें असावें. आणि कथानक असेल तितकाच वेळ घ्यावा. नाटककाराकडून, कादंबरीकाराकडून, कीर्तनकाराकडूनही आम्ही याहून कमी मागत नाहीं. ज्या वाचकांच्या घरीं मंगळवारीं हा खेळ लागत असेल, त्यांनीं तो "खोटा" म्हणून बंद करूं नये आणि "मुलांचा" म्हणून दुर्लक्षूंही नये; मुलांच्या शेजारीं बसून तो टीकाकाराच्या डोळ्यांनीं पाहावा, आणि जेथें खोटें नीट रचलेलें नसेल तेथें मुलांदेखत नांव ठेवावें. खोट्यांतली कसूर ओळखण्याची ही संवय पुढें त्यांना रिंगणाबाहेरच्या पुष्कळ ठिकाणीं उपयोगीं पडेल.