धावपट्टी हाही विमानाचा ब्रेकच

भर पावसात मुंबईला उतरणारे विमान जमीन दिसू लागल्यावर अचानक पुन्हा वर झेपावते, तेव्हा प्रवाशांच्या पोटात गोळा येतो. मग ते घिरट्या घालू लागले की भीतीची जागा चिडचिड घेते. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर देखभालीसाठी धावपट्टी काही तास बंद ठेवली जाते, तेव्हाही अशीच कुरकुर होते. ती समजण्यासारखी असली तरी योग्य नाही. विमान सुखरूप थांबणे जितके वैमानिकावर अवलंबून असते, तितकेच धावपट्टीच्या पृष्ठभागावरही असते.

साठ-पासष्ट टनांचे विमान ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने जमिनीला टेकते. त्या क्षणी स्थिर असलेली चाके एकदम गरगरू लागतात, धूर निघतो आणि टायरचे थोडे रबर धावपट्टीला चिकटते. हजारो विमानांनंतर त्याचा गुळगुळीत थर तयार होतो. पाणी वाहून जावे म्हणून धावपट्टीवर सुमारे सहा मिलिमीटर रुंद व तितक्याच खोल आडव्या खाचा पाडलेल्या असतात. रबराने त्या बुजतात. मग पाऊस पडला की टायर आणि धावपट्टी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, चाके त्यावर तरंगतात आणि ब्रेक कितीही दाबला तरी पकड मिळत नाही. म्हणूनच हे रबर जोरदार दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने काढावे लागते.

नोव्हेंबर २०२१ पासून जगभर धावपट्टीच्या स्थितीला ० ते ६ असा अंक देण्याची पद्धत लागू झाली. पट्टीचे तीन भाग करून प्रत्येकाचा अंक वैमानिकाला कळवला जातो. कोरडी पट्टी ६, ओली ५. ओली होऊन निसरडी झालेली पट्टी ३ वर येते आणि पाणी तीन मिलिमीटरपेक्षा जास्त साचले तर २ वर.

दुसरा धोका पडलेल्या वस्तूंचा. एखादा स्क्रू, धातूचा तुकडा, आधीच्या विमानाच्या फाटलेल्या टायरची चिंधी. २५ जुलै २००० रोजी पॅरिसमध्ये कॉन्कॉर्डच्या चाकाखाली जेमतेम ४३ सेंटिमीटर लांबीची टायटॅनियमची पट्टी आली. टायर फुटला, त्याचा तुकडा इंधनाच्या टाकीवर आदळला, आग लागली आणि ११३ जणांचा जीव गेला. ही घटना उड्डाणाची, पण उतरणाऱ्या विमानाच्या टायरलाही तोच धोका असतो. ती पट्टी सुमारे पाच मिनिटांपूर्वी उडालेल्या विमानातून पडली होती. दिवसातून दोन-चारदा गाडीतून होणाऱ्या पाहणीत असा तुकडा सापडणे अवघडच. म्हणून सिंगापूर, व्हँकुव्हरसारख्या विमानतळांनी कॅमेरे किंवा रडारने धावपट्टीवर सतत नजर ठेवण्याची सोय केली.

मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि दिवसाला नऊशेहून अधिक विमानांची ये-जा सांभाळावी लागते. अशा ठिकाणी पाहणीसाठी पाच मिनिटे काढणेही जड जाते. पण १ जुलै २०१९ रोजी मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे गेले. जीवितहानी झाली नाही, मात्र ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. देखभालीचे तास वाचवण्याच्या मोहात पडण्यापूर्वी हा हिशेब आठवावा. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडच्या ओल्या धावपट्टीवर विमान फार पुढे टेकले, तरीही पुन्हा वर नेले गेले नाही. त्यात २१ जण दगावले.

त्यामुळे विमानतळांकडे दोन गोष्टींचा आग्रह धरायला हवा. धावपट्टीवरील रबर शेवटचे कधी काढले आणि घर्षणाची मोजणी काय सांगते, हे पावसाळ्यात नियमितपणे जाहीर व्हावे. गर्दीच्या विमानतळांवर वस्तू टिपणारी स्वयंचलित यंत्रणा असावी. आणि प्रवाशांनी, विमान पुन्हा वर गेले तर वैमानिकाने उशीर केला असे न म्हणता, त्याने घाई टाळली असे म्हणायला शिकावे.